फरशीवरची पेरणी : दाट की विरळ?

जबलपूरपासून काही कोसांवर भेडाघाट येथे नर्मदेचे पात्र संगमरवरी कड्यांमध्ये आवळले गेले आहे. पाण्यापासून सुमारे 100 फूट उंच उठलेले हे कडे चांदण्यात दुरून पाहणाऱ्याला एकाच शुभ्र शिळेतून घडवल्यासारखे भासतात. नाव जवळ गेली म्हणजे मात्र त्या शुभ्रतेत करड्या, गुलाबी, पिवळसर छटा दिसू लागतात, आणि काळपट-हिरव्या खडकाच्या शिराही नजरेस पडतात. दगड तोच असतो. बदलते ते पाहणाऱ्याचे अंतर. घराच्या फरशीत रंगाचे ठिपके किती दाट असावेत, या वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नाच्या मुळाशीही हीच गोष्ट आहे.

या भागाला फरशीचा प्रश्न नवा नाही. 1998 पर्यंत जबलपूर जिल्ह्यात मोडणारा कटनीचा परिसर चुना आणि संगमरवर यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथून जवळच कैमोर येथे 1923 साली सिमेंटचा कारखाना उभा राहिला. सिमेंट आणि संगमरवराचा चुरा एकत्र आले की मोझेकची फरशी सिद्ध होते. या फरशीचे मूळ इटलीतील व्हेनिसचे. धनिकांच्या वाड्यांसाठी घडवलेल्या दगडाचे उरलेले तुकडे तेथील कारागिरांनी चुन्यात बसवून घासले, आणि टाकाऊतून एक टिकाऊ कला जन्मास आली. आपल्याकडे विसाव्या शतकाच्या मध्यास ती घरे, शाळा, कचेऱ्या यांतून सर्वत्र पसरली.

मोझेक घालणाऱ्या जाणत्या गवंड्याचा एक दंडक असे : खडी दिसली पाहिजे, सिमेंट नव्हे. फरशी घासून झाल्यावर पृष्ठभागाचा सुमारे दोन-तृतीयांश वा त्याहून अधिक भाग संगमरवराने व्यापलेला असावा, अशी अपेक्षा असे. लेप अंथरल्यावर कोठे खडी विरळ दिसली, तर तो तेथे मूठभर खडी टाकून रूळ फिरवी. यात केवळ सौंदर्यदृष्टी नव्हती. सिमेंट वाळताना आकसते, त्याला केसासारख्या भेगा जातात, आणि वावराने ते दगडाआधी झिजते. पायाचा भार आणि घर्षण खडीने सोसायचे, सिमेंटने तिला फक्त धरून ठेवायचे, अशी ही विभागणी होती. म्हणून मोझेकमध्ये दाटपणा हेच बळ होय.

हल्ली दुकाने, मोटारखाने, दवाखाने आणि काही घरे यांत एपॉक्सी राळेची फरशी घालतात. काँक्रीटवर रंगीत राळेचा लेप द्यायचा, तो ओला असतानाच त्यावर प्लास्टिकच्या पातळ रंगीत कपच्या शिंपडायच्या, आणि सुकल्यावर वरून पारदर्शक लेप द्यायचा, अशी तिची रीत. बाजारात या कपच्यांना ‘फ्लेक’ म्हणतात. तयार फरशी पाहून मोझेकचीच आठवण होते, आणि येथेच गृहस्थाची फसगत होते. मोझेकची खडी दगडाची आणि जाड. ही कपची कागदाइतकी पातळ. ती भार पेलत नाही, झीजही सोसत नाही. ते काम वरच्या पारदर्शक लेपाचे. कपच्या दाट पसरल्या म्हणून फरशी मजबूत झाली, असे समजून वरचा लेप पातळ ठेवणे म्हणजे पाया सोडून कळसावर खर्च करणे होय.

मग दाटपणाने साधते काय? विरळ शिंपणात खालचा रंग मुख्य राहतो आणि कपच्या नक्षीपुरत्या उरतात. खर्च कमी येतो. परंतु मूठ जेथे जड पडली तेथे पुंजका आणि हलकी पडली तेथे टक्कल, असा हाताचा प्रत्येक दोष उघडा पडतो. मध्यम शिंपणात तर समतोल राखणे अधिकच कठीण. पूर्ण शिंपणात खालचा लेप दिसेनासा होईपर्यंत कपच्या टाकतात, सुकल्यावर सैल राहिलेल्या खरवडून झाडून काढतात आणि मग वरचा लेप देतात. 100 चौरस फुटांस सुमारे 6 ते 7 किलो कपच्या लागतात, श्रम वाढतात, खडबडीत पृष्ठभाग वरचा लेपही अधिक पितो. मोबदल्यात फरशी एकसारखी दिसते, जुन्या डागडुजीच्या खुणा झाकल्या जातात आणि पावलाला थोडी पकड मिळते. तथापि पारदर्शक लेप फार जाड झाला, तर कपच्यांचा खडबडीतपणा त्यात बुडून ती पकडही जाते.

मळ लपणे हा गुण की दोष, हे मात्र जागेवर अवलंबून आहे. पावसाळ्यात काळ्या मातीचे पाय घेऊन माणसे ज्या ओसरीत येतात, तेथे दाट ठिपके सोयीचे. जेथे सांडलेले औषध तत्काळ दिसले पाहिजे अशा दवाखान्यात, किंवा पडलेला बारीक स्क्रू शोधावा लागतो अशा कार्यशाळेत, विरळ किंवा साधी फरशीच शहाणपणाची.

जबलपूरच्या हवेची अट आणखी वेगळी. वैशाखाच्या तापात राळ झपाट्याने आळते; दाट शिंपण करायचे तर पहाटेचा प्रहर गाठावा आणि एका वेळी थोडीच जागा घ्यावी. पावसाळ्यात जमिनीतली ओल काँक्रीटमधून वर येते आणि लेप सोडवते. कपच्या कितीही दाट असल्या तरी ते टळत नाही. दीड फूट चौरस प्लास्टिकचा कागद चारी कडांनी चिकटवून 16 तासांनी उचलावा. खाली दव धरले किंवा काँक्रीट काळवंडले, तर काम पुढे ढकलावे. थेट उन्हात एपॉक्सी पिवळी पडते, हेही अंगणालगतच्या जागी विसरू नये.

निवड करताना हातातील तळहाताएवढा नमुना उपयोगाचा नाही. डोळ्यांजवळ वेगळे दिसणारे ठिपके उभ्या माणसाच्या नजरेला एकमेकांत मिसळून एकच रंग होतात. दोन फूट चौरस फळीवर नमुना करवून घ्यावा, ती जमिनीवर ठेवावी, दिवसाच्या व दिव्याच्या उजेडात पाहावी, पाणी टाकून तीवर पाय ठेवावा. घरात वृद्ध माणूस असेल, तर ही शेवटची परीक्षा सर्वांत महत्त्वाची. एकदा वरचा लेप बसला की चूक पुसता येत नाही. ती घासून काढावी लागते.

भेडाघाटच्या कड्यांना दुरूनच शोभून चालते. फरशीला मात्र दुरून दिसायचे असते आणि जवळून पायाखाली वागायचे असते.