गुडघा परदेशात, काळजी डोंबिवलीत

"आई, फार काही नाही, गुडघा जरा मुरगळलाय." लेस्टरहून किंवा म्युनिकहून असा फोन आला की डोंबिवलीतून जाणारा सल्ला ठरलेला असतो: पाय वर ठेव, गरम शेक घे, तेल चोळ. यातलं पाय वर ठेवणं तेवढं घ्यावं. नुकत्याच सुजलेल्या गुडघ्याला शेक आणि मालीश नको, सूज वाढते.

त्याहून महागात पडते ती दुसरी समजूत: चालता येतंय म्हणजे काही तुटलेलं नाही. गुडघ्याच्या आतला एसीएल हा लिगामेंट पूर्ण तुटला तरी बरीच मुलं काही दिवसांत लंगडत का होईना, चालू लागतात. तो तुटल्याच्या खुणा वेगळ्या आहेत. वळताना किंवा उडीनंतर पाय टेकताना आतून 'कट्' असा आवाज येतो, काही तासांतच गुडघा टम्म सुजतो आणि पुढे जिना उतरताना तो दगा देईलसं वाटतं. बहुतेक वेळा समोरच्याचा धक्काही लागलेला नसतो. एक्स-रे नॉर्मल आला म्हणून निश्चिंत होऊ नये. त्यात हाड दिसतं, लिगामेंट दिसत नाही. त्यासाठी जाणत्या डॉक्टरने गुडघा हाताने तपासायला हवा आणि एमआरआय काढायला हवा.

निदान झालं की घरून दुसरा फोन जातो: "मिळेल ते विमान पकड, इथे आठवड्यात ऑपरेशन उरकू." उरकायची घाई मुळात नसते. गुडघा अडकून बसला असेल, हाड मोडलं असेल किंवा पाय गार, बधिर पडला असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा तिथल्याच इमर्जन्सीत जायचं. एरवी सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्यावर लगेच शस्त्रक्रिया केली तर तो कायमचा आखडण्याचा धोका वाढतो. म्हणून बहुतेक सर्जन सूज उतरून पाय पूर्ण सरळ होईपर्यंत थांबतात. शिवाय चार तासांहून मोठ्या विमानप्रवासात पायात रक्ताची गुठळी होण्याची शक्यता वाढते आणि ताज्या दुखापतीत ती आणखी वाढते. तिकिटाआधी डॉक्टरला विचारलेलं बरं.

ऑपरेशनवाचून गत्यंतर नाही, हेही अर्धसत्य. स्वीडनमध्ये एसीएल तुटलेल्या १२१ तरुणांचा अभ्यास झाला. निम्म्यांवर लवकर शस्त्रक्रिया केली. बाकीच्यांना आधी व्यायाम दिला आणि गरज पडली तरच ऑपरेशन. पाच वर्षांनी या दुसऱ्या गटातल्या जवळपास निम्म्यांना ऑपरेशन लागलंच नव्हतं, आणि दोन्ही गटांचे गुडघे साधारण सारखेच काम करत होते. मात्र २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या अभ्यासात उलट दिसलं: दुखापत जुनी झाली आणि गुडघा तरीही निसटत असेल, तर शस्त्रक्रियाच उजवी. कबड्डी, फुटबॉलसारख्या गिरक्या घ्याव्या लागणाऱ्या खेळात परतायचं असेल तर सर्जनचा कल ऑपरेशनकडे असतो. निर्णय गुडघा बघून घ्यायचा, मावसभावाला काय लागलं ते बघून नव्हे.

पैशांची भीती मात्र देशागणिक तपासावी लागते. ब्रिटनच्या व्हिसाबरोबर विद्यार्थी वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार भरतोच. त्या बदल्यात एनएचएस या तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत ऑपरेशनचं वेगळं बिल येत नाही, पण रांग लांब असते. जर्मनीत एक सोय फार जणांना ठाऊकच नसते. सरकारी विद्यापीठातला विद्यार्थी विद्यापीठानेच भरवलेल्या क्रीडावर्गात जखमी झाला, तर त्याला कायद्याने अपघात विमा लागू होतो. हा आरोग्य विम्याहून वेगळा असतो आणि पुढच्या फिजिओथेरपीचा खर्चही उचलतो. त्यासाठी अशा अपघातांसाठी नेमलेल्या डॉक्टरकडे, म्हणजे 'डी-आर्ट्स्ट'कडे जावं लागतं आणि मार विद्यापीठाच्या वर्गात लागला हे तिथे सांगावं लागतं. मित्रांबरोबर बागेत खेळताना पडलात तर हा विमा नाही. अमेरिकेत विद्यापीठाच्या संघातून खेळताना झालेली दुखापत अनेक विद्यार्थी विम्यांतून वगळलेली असते. ऑस्ट्रेलियाच्या सक्तीच्या विम्यात फिजिओ सहसा नसतो. पॉलिसीतलं हे पान खेळायला उतरण्याआधी वाचायचं.

सेमिस्टर सोडलं की व्हिसा गेला, असंही नाही. अमेरिकेत एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्याला डॉक्टरच्या पत्रावर कमी विषय घ्यायची, अगदी काही काळ एकही विषय न घ्यायची परवानगी मिळते. फक्त ती विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाकडून आधी घ्यायची, विषय सोडल्यावर नाही.

ऑपरेशन कुठे, यावर घरात आठवडाभर चर्चा होते; पुढचे आठ-नऊ महिने व्यायाम कुठे होणार, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते निर्णय त्यावरच व्हावा. घरी माया आहे, वरणभात आहे, आणि डोंबिवली पूर्वेच्या जुन्या इमारतीत लिफ्टशिवाय तिसरा मजलाही आहे. कुबड्या घेऊन ते जिने रोज कोण उतरणार? आणि फिजिओ ठाण्याला असेल तर लोकलचं काय? होस्टेल तळमजल्यावर आणि कॅम्पसमध्येच जिम असेल तर तिथे राहणं शहाणपणाचं ठरू शकतं. पण दुसरी बाजूही आहे: बीडचा धावपटू अविनाश साबळे जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत पडला, एसीएल फाटला, शस्त्रक्रिया मुंबईत झाली. म्हणजे परतणं चूक नाही. परतताना एमआरआयच्या मूळ प्रतिमा घेऊन यायच्या, नुसता रिपोर्ट नव्हे.

राहिली सहा महिन्यांत मैदानात परतता येतं ही समजूत. सांगलीत वाढलेल्या क्रिकेटपटू स्मृती मानधनाचा एसीएल जानेवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात फाटला आणि जूनमध्ये विश्वचषकात इंग्लंडविरुद्ध तिने ९० धावा काढल्या. हे उदाहरण घराघरांत दिलं जातं. पण ती पूर्णवेळ खेळाडू, परीक्षा-असाइनमेंट सांभाळणारी विद्यार्थिनी नव्हे. नवा लिगामेंट म्हणून बसवलेला कंडरेचा (टेंडनचा) तुकडा पहिले काही महिने कमकुवतच असतो. १०६ जणांच्या एका अभ्यासात नवव्या महिन्यापर्यंत मैदान लांबवलेल्या प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण साधारण निम्म्याने घटलं. तारखेबरोबर ताकदही मोजतात: ऑपरेशन झालेल्या पायाच्या मांडीचा जोर दुसऱ्या मांडीच्या निदान नव्वद टक्के हवा.

सगळ्यात धोक्याचा काळ चौथ्या-पाचव्या महिन्याचा. दुखत नाही, सूज नाही, चाल सरळ. मुलगा सुट्टीत आलेला असतो आणि मित्र टर्फवर ओढतात: "पळू नकोस, नुसता गोलकीपर उभा राहा." गोलकीपरलाही उडी मारावीच लागते.