हेझलच्या सालीवरील शैवाक

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर अटलांटिक महासागराचाच अंमल चालतो. तेथील उष्ण सागरी प्रवाहामुळे हिवाळा सौम्य आणि हवा बारमाही आर्द्र राहत असल्याने, विषुववृत्तापासून इतक्या दूरच्या त्या मुलखातही वर्षावने टिकून आहेत. त्यांचे वैभव वृक्षांच्या उंचीत शोधू नये. ते सालीवर आहे.

आपल्या गोड्या मसाल्यातील दगडफूल ज्या वर्गातले, त्या शैवाकांच्या कित्येक दुर्मिळ जाती या सालींवर नांदतात. शैवाक म्हणजे एकटी वनस्पती नव्हे, तर कवक आणि अन्न निर्माण करणारे शैवल किंवा नीलहरित जीवाणू यांचे सहजीवन होय, हा सिद्धांत स्विस शास्त्रज्ञ सिमोन श्वेंडेनर यांनी १८६७ मध्ये मांडला, तेव्हा शैवाकांच्या अनेक मातब्बर अभ्यासकांनी तो झिडकारला होता. शैवाकांना मुळे नसल्यामुळे पाणी आणि क्षार बहुतांशी हवा-पावसातूनच घ्यावे लागतात, आणि म्हणूनच दूषित हवा त्यांना मुळीच मानवत नाही.

या वनांतील हेझल हे झुडूपवजा झाड मला विशेष मोलाचे वाटते. ते न तोडताही बुंध्यातून नवे फाटे काढीत राहते, आणि त्यामुळे कोवळी गुळगुळीत साल व जुनी खडबडीत साल एकाच झाडावर नांदते. कोवळ्या सालीवर लिपीसारख्या रेघोट्या उमटवणारे शैवाक वाढतात. त्यांतील ग्राफिस अल्बोस्क्रिप्टा ही जात तर या किनाऱ्याचीच रहिवासी आहे. जुन्या सालीवर लोबारिया पल्मोनारियाचे रुंद, खळगेदार पापुद्रे पसरतात, जे पावसात हिरवेगार आणि सुकल्यावर तपकिरी दिसतात. त्यांच्या फुप्फुससदृश रूपावरून जुन्या काळचे युरोपीय वैद्य श्वसनविकारांवर त्यांचा उपयोग करीत.

या लोबारियाचा विस्तार मुख्यतः स्वतःच्याच कणांनी होतो, आणि ते कण सहसा फार दूर जात नाहीत. म्हणून जुन्या झाडाशेजारी दुसरे झाड वाढत राहिले, तरच त्याची वहिवाट अखंड राहते. याच भागातील बोनॉ येथील लोखंडाच्या भट्टीसाठी १७५३ पासून शंभरहून अधिक वर्षे आसपासच्या वनांतून कोळसा पुरवला गेला, तरी बुंधे राखून केलेल्या तोडीमुळे वने पुन्हा फुटली. विसाव्या शतकातील सूचिपर्णी लागवडीने मात्र कित्येक ठिकाणी मूळ वनच हटवले, हरणे व मेंढ्या रोपे उरू देत नाहीत, आणि बाहेरून आणलेल्या ऱ्होडोडेंड्रॉनची दाट सावली उरलेल्या सालींवरचा प्रकाश हिरावून घेते. अशा स्थितीत अन्यत्र नवी झाडे लावून भरपाई झाल्याचे मानणे मला पटत नाही. अगोदर या जुन्या वनांतील ऱ्होडोडेंड्रॉन उपटावा आणि हरणांचा बंदोबस्त करावा.