न्हाणीत पाणी का तुंबतं?

आमच्या न्हाणीत शहाबादी फरशी आहे. शहाबाद हे गाव आपल्या धाराशिव जिल्ह्याशेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यात आहे. अंघोळ झाली की कोपऱ्यात पाणी साचायचं. शेवाळं धरायचं. एकदा आज्जी त्यावरून घसरून पडली. नशीब, हाड मोडलं नाही!

बाबांनी गवंडीमामांना बोलावलं. मामांनी आधी जाळीतले केस, साबणाचा गाळ काढला. मग तांब्याभर पाणी ओतलं. जाळीजवळचं पाणी लगेच गेलं, कोपऱ्यातलं हललंच नाही. म्हणजे पाईप मोकळा होता, उतार चुकला होता.

मामांनी पारदर्शक नळीत पाणी भरलं. नळीच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर राहतं. त्यावरून कळलं, की कोपरा जाळीपेक्षा खाली आहे.

त्यांनी फरश्या काढून खाली वाळू-सिमेंटचा नवा थर दिला. जाळीकडे दर १ फुटाला पाव इंच उतार ठेवला. सांधे सिमेंटने भरले. सिमेंट पक्कं व्हावं म्हणून ७ दिवस ओलं पोतं टाकलं. तोवर आम्ही अंगणात अंघोळ केली!

मामा म्हणाले, "पाण्याला वाट दावली, की ते आपणहून जातंय."

तुम्हीही आज घरी तांब्याभर पाणी ओतून बघा. कुठं साचलं, तर मोठ्यांना सांगा.

– इयत्ता ४ थी