काम आहे, मग पोरं का जात नाहीत? हंगामी शेतमजुरी आणि शिकलेला बेरोजगार

कापूस वेचणीचा हंगाम आला की विदर्भ-मराठवाड्यात एक तक्रार हमखास ऐकू येते. शेतात बोंडे फुटली आहेत, वेचायला माणूस मिळत नाही, आणि गावातली शिकलेली पोरं चौकात मोबाईल बघत बसली आहेत. तक्रारीचा पुढचा भाग कधी उघड, कधी दबक्या आवाजात येतो. "यांना आता काम नको, फुकटचं धान्य आणि सवलती पाहिजेत." 'यांना' म्हणजे कोणाला, हे गावात कोणी कोणाला समजावून सांगत नाही.

या आरोपाला आपले कार्यकर्ते बहुधा रागाने उत्तर देतात. राग समजण्यासारखा आहे, पण त्याने प्रश्न सुटत नाही. एकीकडे बेरोजगारी आहे, दुसरीकडे मजूर टंचाई आहे, आणि दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मग बेरोजगार तरुण हंगामी शेतमजुरीकडे पाठ का फिरवतो? आळस हे त्याचे उत्तर नाही. हिशेब, धोका आणि जात ही त्याची तीन उत्तरे आहेत. चौथे एक उत्तर आपल्या घरातले आहे आणि त्याबद्दल आपण फारसे बोलत नाही.

बेरोजगार कोणाला म्हणायचे?

सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणात चालू आठवड्याच्या निकषानुसार सात दिवसांत एक तास जरी काम केले, तरी ती व्यक्ती रोजगारात मोजली जाते. त्यामुळे वर्षातले काही महिनेच काम मिळणारी भूमिहीन बाई बरेचदा बेरोजगारांच्या यादीत दिसतच नाही. रिकामे बसणे तिला परवडत नाही. मिळेल ते, मिळेल त्या दराने ती करते.

दीर्घकाळ 'बेरोजगार' राहू शकतो तो ज्याच्यामागे कोणीतरी कमावणारे आहे. म्हणजे शेतमजूर आणि बेरोजगार या दोन वेगळ्या जमाती नाहीत. पुष्कळदा ती एकाच घरातली दोन माणसे असतात. आई मजुरीला जाते आणि मुलगा पदवी घेऊन भरतीची वाट पाहतो.

२०११ च्या जनगणनेत देशातील बौद्धांचे साक्षरतेचे प्रमाण ८१.२९ टक्के होते, देशाचे सुमारे ७३ टक्के. बाबासाहेबांचा शिक्षणाचा संदेश समाजाने मनावर घेतला, त्याचे हे फळ. पण त्याच जनगणनेत अनुसूचित जातींच्या कामगारांपैकी सुमारे ४६ टक्के शेतमजूर होते, आणि सर्व कामगारांत हे प्रमाण सुमारे ३० टक्के होते. शिक्षण पुढे गेले, पण रोजगार त्याच्याबरोबर पुढे गेला नाही. आजचा तरुण या दोन आकड्यांच्या मधल्या फटीत उभा आहे.

हंगामाचा हिशेब

शेतीचे काम वर्षभर सारखे नसते. जून-जुलैत पेरणी, मग निंदण आणि फवारणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी, त्यानंतर कापूस वेचणी, पुढे तूर-हरभरा. मधले आठवडे रिकामे जातात. तणनाशकाने निंदण कमी केले आणि हार्वेस्टरने सोंगणी. उरलेले काम थोड्या दिवसांत दाटीने येते आणि संपते.

वेचणीचेच उदाहरण घेऊ. मजुरी किलोवर ठरते. समजा दर किलोला १० रुपये आहे. हात बसलेली बाई दिवसाला ४० किलो वेचत असेल तर तिला ४०० रुपये पडतात. पहिल्यांदा गेलेला पदवीधर मुलगा २० किलोच्या पुढे जात नाही, त्याला २०० रुपये मिळतात. २०२५-२६ साठी महाराष्ट्रातील मनरेगाचा दर ३१२ रुपये होता. वेचणी हे कौशल्याचे काम आहे आणि ते न येणाऱ्याला पूर्ण मजुरी मिळत नाही, ही गोष्ट 'कोणीही करेल असं काम' म्हणणारे विसरतात.

आता ४०० रुपयांच्या दराने ५० दिवस काम मिळाले असे धरू. २० हजार रुपये झाले. उरलेल्या ३१५ दिवसांचे काय? शहरातली कंत्राटी नोकरी, गोदामातले किंवा डिलिव्हरीचे काम फार चांगले असते असे नाही. पण ते बारा महिने चालते, महिन्याला पैसे येतात, आणि ते सोडून दोन महिन्यांसाठी गावी आले तर परत मिळण्याची खात्री नसते. पोलीस भरतीची मैदानी तयारी, स्पर्धा परीक्षा, आयटीआयचे वर्ग यांचे वेळापत्रक शेतीच्या हंगामाकडे पाहून ठरत नाही. थोड्या दिवसांच्या कामासाठी पुढची वाट बंद होत असेल, तर ते काम नाकारणे हा अडाणीपणा नाही. व्यापाऱ्याने असा हिशेब केला तर त्याला आपण हुशार म्हणतो.

अंगावर येणारे धोके

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. फवारणी हे प्रामुख्याने तरुण पुरुषांचे काम. हातमोजे, मुखपट्टी, डोळ्यांना संरक्षण यांची सोय कितीशी असते, हे गावात राहणाऱ्याला विचारावे लागत नाही. काम करताना काही झाले तर भविष्य निर्वाह निधी नाही, राज्य कामगार विमा नाही, पगारी सुट्टी नाही.

ऊसतोडीत तर कामाची सुरुवातच कर्जाने होते. मुकादम हंगामाआधी उचल देतो आणि नवरा-बायकोची जोडी 'एक कोयता' म्हणून मोजली जाते. एक दिवस आजारी पडले तर खाडा धरून पैसे कापले जातात, उचल फिटली नाही तर ती पुढच्या हंगामावर जाते. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या सरकारी पाहणीत ८२,३०९ पैकी १३,८६१ महिलांची गर्भपिशवी काढलेली आढळली. ज्या मुलाने आईबापाला सहा-सहा महिने पाचटाच्या खोपीत राहताना पाहिले आहे, त्याने कोयता हाती धरायला नकार दिला, तर त्याला आळशी म्हणण्याआधी हा आकडा आठवावा.

जातीचा धागा

इथपर्यंतची कारणे कोणत्याही जातीच्या तरुणाला लागू पडतात. पुढचे कारण आपले आहे.

महार वतनाने एका समाजाला पिढ्यान्‌पिढ्या गावाच्या कामाला बांधून ठेवले. त्या कामाला ठरलेला वेळ नव्हता आणि ठरलेली मजुरीही नव्हती. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनाविरुद्ध विधेयक आणले. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. कायदा झाला, पण सवय लगेच गेली नाही. मजुरीला बोलावताना आजोबाच्या वयाच्या माणसाला एकेरी हाक मारणे, पाण्याचा वेगळा ग्लास, कामाचे पैसे घेण्यासाठी मालकाच्या दारात चार-चार चकरा मारायला लावणे हे काही गावांत आजही संपलेले नाही.

म्हणून शेतमजुरी नाकारताना आपला तरुण केवळ ४०० रुपये नाकारत नाही. 'तू याच कामासाठी जन्मलास' हे वाक्य तो नाकारतो. फरक पाहा. बागायतदाराचा पदवीधर मुलगा दुसऱ्याच्या शेतात वेचायला गेला नाही तर गाव म्हणते, तो एमपीएससी करतो. आपला मुलगा गेला नाही तर तेच गाव म्हणते, तो माजला.

याच्या मुळाशी जमिनीचा प्रश्न आहे. देशाच्या लोकसंख्येत अनुसूचित जाती १६.६ टक्के, पण २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार कसल्या जाणाऱ्या क्षेत्रापैकी त्यांच्याकडे सुमारे ९ टक्केच. स्वतःच्या शेतातला घाम आणि दुसऱ्याच्या शेतातला घाम यांचा मान वेगळा असतो. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि १९६४-६५ मध्ये झालेले भूमिहीनांचे सत्याग्रह याच प्रश्नावर होते. त्यांची मागणी जमिनीची होती, कामातून सुटकेची नव्हती.

बाबासाहेबांनी १९१८ मध्येच लहान शेतजमिनींवरील आपल्या निबंधात मांडले होते की शेतीवर गरजेपेक्षा जास्त माणसांचा भार आहे, त्यातले श्रम वाया जातात, आणि त्यावर उपाय औद्योगिकीकरण हा आहे. रिकाम्या हातांना पुन्हा शेताकडे हाकलणे हा उपाय त्यांनी सांगितला नव्हता.

शेतकरी शत्रू आहे का?

नाही. २०२५-२६ मध्ये मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये होता. किलोला १० रुपये दराने केवळ वेचणीलाच क्विंटलमागे १,००० रुपये जातात. बियाणे, खत, फवारणी वेगळी, आणि बाजारात हमीभाव मिळेलच याची खात्री नाही. तीन एकरांचा कोरडवाहू शेतकरी मनात असूनही मजुरी दुप्पट करू शकत नाही. मजुराला परवडेल अशी मजुरी आणि शेतकऱ्याला परवडेल असा खर्च यांच्यातली दरी शेतमालाच्या भावाने आणि सरकारी धोरणाने तयार केली आहे. त्या दरीचे खापर चौकातल्या मुलावर फोडणे सगळ्यांत सोपे, म्हणून ते फोडले जाते.

मग ते काम करते कोण?

आता घरातले उत्तर. तरुण गेला नाही तरी कापूस वेचला जातोच. तो वेचते त्याची आई, बहीण, वहिनी. निंदण आणि वेचणी ही 'बायांची कामे' मानली जातात, त्यांची मजुरी कमी असते, आणि पुरुष ती करायला लाजतात. आपल्या तरुणाच्या नकारात स्वाभिमान आहे तसा हा पुरुषीपणाही मिसळलेला आहे. अभ्यासिकेची फी आणि मोबाईलचे रिचार्ज आईच्या वेचणीतून येत असेल, तर त्या नकाराची किंमत कोण भरते हे स्पष्ट आहे.

याचा अर्थ सर्वांनी पुस्तक ठेवून शेतात जावे असा नाही. अर्थ इतकाच की 'मी हे काम करणार नाही' एवढ्यावर थांबणारा स्वाभिमान अपुरा आहे. 'हे काम कोणालाही अशा अटींवर करावे लागू नये' इथपर्यंत तो गेला, तरच ती चळवळ होते.

आता काय करायचे?

पहिले, सक्ती ओळखायला शिका. संविधानाचे कलम २३ वेठबिगारीला मनाई करते. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये, एशियाड बांधकाम मजुरांच्या प्रकरणात, किमान वेतनाहून कमी पैशांत गरजेपोटी करावे लागणारे काम हेही सक्तीचे श्रम ठरवले. मजुरीला नकार दिला म्हणून अनुसूचित जातीच्या कुटुंबावर सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार टाकणे अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे.

दुसरे, रोजगार हमीवर लक्ष ठेवा. हमीच्या कामामुळे मजुराच्या हाती दुसरा पर्याय राहतो आणि शेतातली मजुरी एका पातळीखाली जात नाही. डिसेंबर २०२५ मध्ये मनरेगाच्या जागी संसदेने केलेल्या नव्या कायद्यात दिवस १०० वरून १२५ झाले. पण पेरणी-कापणीच्या हंगामात मिळून ६० दिवस ही कामे बंद ठेवण्याची तरतूदही त्यात आहे. ज्या दिवसांत मजुराला दर ठरवून घेता आला असता, नेमक्या त्याच दिवसांत त्याचा पर्याय काढून घेतला जातो. आपल्या जिल्ह्यात हे ६० दिवस कोणते जाहीर होतात, यावर कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत बोलले पाहिजे.

तिसरे, हंगामाआधी मजूर बायांची बैठक घ्या. दर, वजनाचा काटा, पाणी, पैसे देण्याचा दिवस या चार गोष्टी आधी ठरल्या तर अर्धी पिळवणूक थांबते. शिकलेल्या मुलांनी गुत्त्याचा हिशेब लिहून ठेवणे, फवारणीच्या संरक्षण साहित्याची मागणी कृषी विभागाकडे करणे, हे काम पदवीला साजेसेच आहे.

चौथे, जमीन मागा. कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजनेत दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला ४ एकर जिरायत किंवा २ एकर बागायत जमीन देण्याची तरतूद आहे. आपल्या तालुक्यात गेल्या पाच वर्षांत किती कुटुंबांना ती मिळाली, हा प्रश्न माहिती अधिकारात विचारता येतो.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी मालकाची कर्तव्ये सांगितली आहेत. कामगाराला त्याच्या ताकदीप्रमाणे काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, चांगल्या पदार्थात वाटा द्यावा, वेळेवर विश्रांती द्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही यादी आजच्या वेचणीच्या शेताला आणि उसाच्या फडाला लावून बघा. ज्या दिवशी ती पूर्ण होईल, त्या दिवशी मजूर मिळत नाही ही तक्रार बरीच कमी झालेली असेल.

तोवर पुढच्या वेळी कोणी 'तुमच्या पोरांना काम नको' म्हणाले, तर त्याला विचारा: कोणते काम, किती दिवस, काय दराने, आणि तुमचा मुलगा येतो का सोबत?

जय भीम!