सालोंचा भविष्यवेत्ता

१५५९ सालच्या जून महिन्याची ३० तारीख. पॅरिस शहरात राजघराण्यातील दोन विवाहांचा सोहळा चालू होता. फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री याने आपली कन्या स्पेनच्या राजाला दिली होती आणि बहीण सव्हॉयच्या ड्यूकला द्यायची होती. त्या आनंदाप्रीत्यर्थ घोड्यावर बसून भाल्यांनी झुंजण्याचे सामने भरवले होते. चाळिशीचा हेन्री या खेळाचा भारी शौकीन. आपल्या रक्षकदलाचा तरुण सरदार माँगोमेरी याच्याशी आणखी एक फेरी व्हावी, असा त्याने हट्ट धरला. घोडे दौडले, भाले भिडले, माँगोमेरीचा भाला मोडला आणि त्याची एक ढलपी राजाच्या शिरस्त्राणाच्या फटीतून डोळ्यात घुसली. पारे आणि व्हेसालियस हे त्या काळचे दोन नामांकित शस्त्रवैद्य उशाशी असूनही उपयोग झाला नाही. दहा दिवस तळमळून १० जुलैला राजा मरण पावला.

याच्या चार वर्षे आधी, १५५५ साली, लियाँ शहरात एक लहानसे पुस्तक प्रसिद्ध झाले होते. त्यातील पस्तिसाव्या चतुष्पदीत दोन सिंहांचे द्वंद्व आहे, सोन्याचा पिंजरा आहे, फुटलेले डोळे आहेत आणि शेवटी क्रूर मरण आहे. हे पुस्तक लिहिणाऱ्याचे नाव मिशेल द नोत्रदाम. त्याचे लॅटिन वळणाचे रूप साऱ्या जगाला ठाऊक आहे : नॉस्ट्राडेमस!

ही गोष्ट ऐकल्यावर अंगावर काटा येतो, यात नवल नाही. तथापि ही कथा अर्धीच आहे. उरलेली अर्धी कळण्यासाठी हा मनुष्य कोण होता आणि तो भविष्य कसे सांगत असे, हे पाहिले पाहिजे.

वैद्यकी आणि वनवास

दक्षिण फ्रान्समधील प्रोव्हान्स प्रांतात सँ-रेमी नावाचे गाव आहे. तेथे डिसेंबर १५०३ मध्ये मिशेलचा जन्म झाला. बाप दस्तऐवज लिहिणारा नोटरी. घराणे मूळचे ज्यू. परंतु मिशेलच्या आजोबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि नोत्रदाम हे नाव घेतले. मुलगा हुशार होता म्हणून त्याला आव्हिन्यों येथील विद्यापीठात घातले. पण थोड्याच काळात प्लेगची साथ आली आणि विद्यापीठाला कुलूप लागले. पुढची आठ वर्षे या तरुणाने गावोगाव हिंडून वनस्पतींचे गुण अभ्यासण्यात आणि औषधे कुटून विकण्यात काढली.

१५२९ साली त्याने माँपेलिए येथील नामांकित वैद्यकशाळेत प्रवेश मिळवला. औषधे कुटणे-विकणे हा हाताने करायचा धंदा, आणि तो करणाऱ्याला वैद्यकाच्या पदवीचा अधिकार नाही, असा तेथील कडक नियम! मिशेलचा पूर्वीचा व्यवसाय उघडकीस आला आणि त्याचे नाव पटावरून कमी झाले. तसा लेख त्या विद्यापीठाच्या दप्तरात आजही पाहायला मिळतो. जगाने पुढे ज्याला मोठा वैद्य म्हटले, त्याला विद्येच्या दारातून असे परत फिरावे लागले होते.

यानंतर स्कालिजे या विद्वानाच्या निमंत्रणावरून तो आजाँ गावी गेला. तेथे त्याने लग्न केले. दोन मुले झाली. संसार बहरू लागला न लागला तोच १५३४ च्या सुमारास बायको आणि दोन्ही मुले दगावली. बहुधा प्लेगनेच. इतरांना औषध देणाऱ्याच्या स्वतःच्या घरात औषध चालले नाही. मग पुन्हा भटकंती सुरू झाली, ती दहा वर्षे चालली.

ओसाड गावात एक माणूस

पुण्या-मुंबईच्या जुन्या घरांतून १८९६-९७ च्या प्लेगच्या कथा अनेक वाचकांनी ऐकल्या असतील. तरी त्या काळापर्यंत रोगाचा जंतू शास्त्रज्ञांना सापडला होता. नॉस्ट्राडेमसच्या काळी तेही नव्हते. हवा दूषित होते, ग्रह कोपतात, देवाचा क्षोभ होतो, असे मानले जाई आणि ज्याला शक्य असेल तो गाव सोडून पळे.

१५४६ साली एक्स या शहरात भयंकर साथ उसळली, तेव्हा हा मनुष्य शहरात गेला आणि रोग्यांत राहिला. तेथे जे पाहिले ते त्याने पुढे एका पुस्तकात लिहिले. त्यातील एक हकीकत विसरता येत नाही. खिडकीत बसलेली एक बाई त्याला दिसली. ती स्वतःलाच कफनात शिवून घेत होती, पायांकडून वर. आपण मेल्यावर शिवणारे कोणी उरणार नाही, हे तिला कळून चुकले होते. थोड्या वेळाने लोक आत गेले, तेव्हा ती घराच्या मध्यभागी मरून पडली होती आणि शिवण अर्धीच राहिली होती.

ज्या पुस्तकात ही हकीकत आहे, ते पुस्तक आहे सौंदर्यप्रसाधने आणि मुरंबे यांच्या कृतींचे! त्यातच प्लेगवरच्या त्याच्या गोळ्यांची कृती आहे : सुरूच्या लाकडाचा भुसा, वेखंड, लवंगा, अगरु, आयरिसचे सुगंधी मूळ आणि पहाटेपूर्वी खुडलेली तीन-चारशे तांबडी गुलाबाची फुले. ही गोळी तोंडात धरावयाची. आपल्या गोळीचे गुण त्याने गायले आहेत. पण रक्त काढणे वगैरे जे जे उपाय लोक करीत, त्यांतल्या कशानेही गुण आला नाही, हेही त्याने प्रांजळपणे लिहून ठेवले आहे. भविष्यवेत्त्याच्या लिखाणात अशी स्वच्छ कबुली पुढे क्वचितच सापडते.

पंचांगाचा धंदा

१५४७ साली तो सालों या गावी स्थायिक झाला. तेथे त्याने एका सधन विधवेशी विवाह केला. तिच्यापासून त्याला सहा मुले झाली. गावाच्या रानाला ड्यूरान्स नदीचे पाणी आणणाऱ्या कालव्यात त्याने पैसे गुंतवले. थोडक्यात, वनवास संपला आणि मनुष्य प्रपंचाला लागला.

आता त्याने नवा उद्योग काढला. १५५० सालासाठी त्याने एक पंचांगवजा पुस्तिका छापली. तिच्यात तिथी-वार, चंद्राच्या कला, हवामानाचे अंदाज आणि त्याबरोबर वर्षाचे भविष्य. दिवाळी अंक हाती आला की आधी राशिभविष्याचे पान उघडणारे वाचक आपल्याकडे घरोघर आहेत. त्यांना या पुस्तिकेचे यश समजावून सांगायला नको. छापखान्याची कला युरोपात येऊन शंभर वर्षे होत होती आणि अशी स्वस्त पुस्तके हातोहात खपत. पुढे मरेपर्यंत जवळजवळ दरवर्षी त्याने ही पंचांगे काढली. जिवंतपणी त्याला कीर्ती मिळाली ती मुख्यतः यांनीच. राणी कॅथरीनने १५५५ साली त्याला पॅरिसला बोलावून घेतले तेही या कीर्तीमुळेच.

शतके आणि चतुष्पद्या

त्याच वर्षी 'भविष्यवाणी' या नावाचे ते प्रसिद्ध पुस्तक निघाले. पहिल्या आवृत्तीत ३५३ चतुष्पद्या होत्या. त्याच्या मृत्यूनंतर १५६८ साली जी पूर्ण आवृत्ती निघाली, तीत ९४२ आहेत. त्यांच्या गटांना तो 'सेंच्युरी' म्हणतो. हा शब्द वाचून पुष्कळांना शंभर वर्षांचा काळ आठवतो. पण अर्थ तसा नाही. भर्तृहरीचे नीतिशतक जसे शंभर श्लोकांचे, तशी ही शंभर चतुष्पद्यांची शतके. अशी दहा शतके असून सातवे मात्र बेचाळीसवरच थांबले आहे.

ही कविता कळायला कठीण. फ्रेंचमध्ये लॅटिन, ग्रीक, इटालियन आणि प्रोव्हान्सची बोली मिसळलेली. शब्दांची मोडतोड, क्रियापदे गाळलेली, नावे उलटसुलट केलेली. आपल्याकडील कूटरचनांचा थोडाफार परिचय असणाऱ्याला हा प्रकार ओळखीचा वाटेल. फरक इतकाच की आपल्या कूटाची उकल एक असते; येथे उकल करणाऱ्याइतक्या उकली! चतुष्पद्यांना कालक्रम नाही आणि फार थोड्यांत साल आहे.

त्याची रीत काय होती? पहिल्या दोन चतुष्पद्यांत तो रात्रीच्या एकांतात पितळी तिवईपाशी बसतो, हाती काठी आणि जवळ पाणी आहे, असे चित्र आहे. वाचकाला वाटते, डोळ्यांदेखत विधी चालला आहे. वास्तविक हे वर्णन आयाम्ब्लिकस या प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञाच्या ग्रंथातून आलेले आहे. अभ्यासकांनी शोध घेतला तेव्हा असे पुष्कळ सापडले. लिव्ही, सुएटोनियस, प्लुटार्क यांनी सांगितलेला जुना इतिहास, १५२२ साली छापलेला जुन्या भविष्यवाण्यांचा एक संग्रह, अशा साहित्यातून त्याने घटना उचलल्या आणि त्या भविष्यकाळात नेऊन ठेवल्या. इतिहासाची पुनरावृत्ती होते, हा त्याचा विश्वास होता. म्हणजे मागे वळून पाहणे हीच त्याची दिव्यदृष्टी!

ज्योतिषाच्या गणितातही तो कच्चा होता. १५५८ साली लोराँ व्हिदेल नावाच्या दुसऱ्या ज्योतिष्याने त्याच्या अज्ञानावर छापील झोड उठवली. ग्रहांची स्थाने तो तयार तक्त्यांवरून घेई आणि जन्मस्थळ व जन्मवेळ यांप्रमाणे करायचे फेरफार करताना चुकत असे. दूरच्या धनिक गिऱ्हाइकांशी झालेला त्याचा पत्रव्यवहार आज उपलब्ध आहे.

स्पष्ट बोलला तेव्हा

आता त्या अर्ध्या राहिलेल्या कथेकडे वळू. सिंहांच्या चतुष्पदीचा राजाच्या मृत्यूशी संबंध छापील स्वरूपात जोडला गेला तो १६१४ साली. म्हणजे घटनेनंतर ५५ वर्षांनी, आणि जोडणारा कोण, तर नॉस्ट्राडेमसचा स्वतःचा मुलगा सेझार! सिंह हे त्या दोघांपैकी कोणाचे चिन्ह नव्हते. एवढेच नव्हे, तर २७ जून १५५८ या तारखेच्या, हेन्रीलाच उद्देशून लिहिलेल्या अर्पणपत्रिकेत भविष्यवेत्त्याने राजाला अजिंक्य म्हटले आहे. त्यानंतर सुमारे वर्षभराने तो अजिंक्य राजा खेळात मेला.

याहून बोलकी गोष्ट १५६४ सालची. विधवा राणी कॅथरीन आपल्या चौदा वर्षांच्या मुलाला, राजा नवव्या चार्ल्सला घेऊन देशाटन करीत सालोंला आली आणि वृद्ध भविष्यवेत्त्याला भेटली. राजाचा सल्लागार आणि वैद्य हा मान त्याला मिळाला. भेटीनंतर राणीने सेनापती माँमोराँसी याला पत्र लिहिले. त्यात ती आनंदाने कळवते, की माझा मुलगा तुमच्याइतका जगेल आणि तुम्ही नव्वद वर्षे जगाल, असे नॉस्ट्राडेमसने सांगितले आहे.

येथे सिंह नाहीत, पिंजरा नाही; साधा, स्पष्ट आकडा आहे. माँमोराँसी १५६७ साली लढाईत जखमी होऊन ७४ व्या वर्षी वारला. चार्ल्स १५७४ साली मरण पावला, तेव्हा त्याचे वय होते २३!

नॉस्ट्राडेमस स्पष्ट बोलला तेथे चुकला आणि मोघम बोलला तेथे अमर झाला, हा त्याच्या साऱ्या कीर्तीचा उलगडा आहे. राणीलाही काय हवे होते? तिचा नवरा गेला होता, थोरला मुलगा गेला होता. उरलेली मुले जगतील, एवढेच तिला कोणाच्या तरी तोंडून ऐकायचे होते. आईच्या या भुकेला हसण्याचा अधिकार कोणाला आहे?

मेल्यानंतरची कारकीर्द

२ जुलै १५६६ रोजी, संधिवात आणि जलोदर यांनी जर्जर होऊन, सालों येथेच तो मरण पावला. पण त्याची खरी कारकीर्द त्यानंतर सुरू झाली. प्रत्येक पिढीने त्याच्या चतुष्पद्यांत आपापले संकट शोधले. लंडनची १६६६ ची आग, फ्रेंच राज्यक्रांती, नेपोलियन, सारे काही सापडले. 'हिस्टर' हा शब्द दिसताच लोकांना हिटलर दिसला. वास्तविक ते डॅन्यूब नदीचे जुने लॅटिन नाव आहे. दुसऱ्या महायुद्धात तर जर्मन प्रचारखात्याने क्राफ्ट नावाच्या ज्योतिष्याला कामाला लावून त्याच्या वचनांतून जर्मनीचा विजय काढवला. उलट इंग्रजांनी जर्मनीच्या पराभवाची बनावट भविष्ये तयार केली. क्राफ्ट बिचारा पुढे नाझींच्याच कैदेत १९४५ साली मेला.

एका चतुष्पदीत मात्र साल आणि महिना आहे : १९९९ सालचा सातवा महिना, आणि आकाशातून येणारा भयंकर राजा. तो महिना आला नि गेला. मग ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले आणि दोन बंधूंच्या नाशाची एक चतुष्पदी जगभर फिरू लागली. ती नॉस्ट्राडेमसची नव्हतीच. संदिग्ध ओळी लिहून त्यांना भविष्यवाणीचे रूप देणे किती सोपे आहे, हे दाखवण्यासाठी कॅनडातील एका विद्यार्थ्याने काही वर्षांपूर्वी एका निबंधात ती रचली होती! अंधश्रद्धेवरचा उतारा लोकांनी अंधश्रद्धेसाठीच वापरला. २०२० साली करोनाची साथ आली तेव्हाही त्याच्या नावावर बनावट मजकूर फिरलाच.

नॉस्ट्राडेमसला लबाड ठरवणे सोपे आहे. पण ते न्यायाचे होणार नाही. आपल्या विद्येवर त्याची श्रद्धा होती आणि त्याच्या युगाचीही होती. मात्र ज्या गोष्टीबद्दल त्याचे नाव घ्यायला हवे ती निराळीच आहे. बायको-मुले प्लेगने हिरावून नेल्यावरही हा मनुष्य बारा वर्षांनी प्लेगच्या शहरात परत शिरला. उद्या कोण जगेल हे त्याला तेव्हा ठाऊक नव्हते. आपण जगू की नाही हेही नव्हते. चतुष्पद्या लिहिणाऱ्याने उद्याचे कोडे घातले आणि चारशे वर्षे लोक ते सोडवीत बसले. गोळ्या वाटणाऱ्याने आज दारात उभ्या असलेल्या रोग्याकडे पाहिले. त्या गोळीत औषधी गुण नव्हता, पण ती द्यायला कोणीतरी थांबले होते. कफन शिवीत बसलेल्या त्या बाईला भविष्य सांगणाऱ्याची गरज नव्हती. तिला हवा होता तो शेवटचा टाका घालणारा एखादा शेजारी.