जुना डिस्कब्रेक: ठेवावा की बदलावा?

माउंटन बाइकचा जुना कॅलिपर सहसा धातूमुळे नाही, आतल्या रबरामुळे जातो. ब्रेक दाबला की पिस्टनभोवतीची चौकोनी सील किंचित वाकते आणि सोडल्यावर पिस्टनला मागे खेचते. ती कडक झाली, की पॅड डिस्कला घासत राहतात किंवा तेल पाझरतं. लिव्हर मिनिटभर घट्ट दाबून धरा. ती हळूहळू आत जाऊ लागली, तर कुठेतरी गळती आहे.

तेलाच्या बाबतीत मात्र ‘चालतंय की’ म्हणू नका. शिमानोला मिनरल ऑइल लागतं, एविडच्या जुन्या हायड्रॉलिक ब्रेकना डॉट फ्लुइड. अदलाबदल झाली की सील बिघडल्याच म्हणून समजा. डॉट हवेतला ओलावा शोषतं. असं तेल लांब उतारावर तापलं की उकळतं आणि लिव्हर हँडलबारला टेकते. म्हणून उघडून ठेवलेली जुनी बाटली वापरू नये.

शिमानोची डिस्क नवी असताना 1.8 मिलिमीटर जाड असते, 1.5 झाली की बदलायची. कडेला नव्हे, पॅड घासतात तिथे मोजा.

नवा ब्रेक घ्यायचा ठरला तरी जुनी फ्रेम आडवी येत नाही. तिच्यावर 51 मिलिमीटर अंतराचा आयएस माउंट आणि नव्या कॅलिपरवर 74 चा पोस्ट माउंट असला, तर मध्ये अडॅप्टर बसतो. पॅडच मिळेनासे झाले असतील, तर बिनदिक्कत नवा घ्या. केबलवर चालणारा एविड बीबी7 असेल, तर केबल नि पॅड बदलून तोच वापरा.