जुनी मापक उपकरणे : घरच्या प्रयोगशाळेसाठी खरेदी करताना घ्यावयाची दक्षता

आपल्या समाजातील पुष्कळ घरांत पेढीच्या जोडीने आज आणखी एक उद्योग चालू झालेला दिसतो. मुलगा अथवा मुलगी अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्सचा अभ्यास करीत असते. माडीवरचा एखादा कोपरा तिच्या ताब्यात जातो. तेथे टेबल, तारा, सर्किट बोर्ड व सोल्डरिंगचे सामान मांडले जाते. काही दिवसांनी वडील माणसांकडे मागणी येते की, अमुक ठिकाणी जुना ऑसिलोस्कोप मिळतो आहे, तो घ्यावा काय? वडील माणसांस त्या यंत्राचे नावही नीट उच्चारता येत नाही. ती एक तर मुकाट्याने पैसे देतात, नाही तर 'जुने लोखंड घरात नको' म्हणून विषय संपवितात. आमच्या मते दोन्ही योग्य नव्हे. आम्ही विद्युत्शास्त्राचे अभ्यासक नाही. परंतु ही उपकरणे म्हणजे अखेर मापेच होत, आणि मापाची पारख करणे हा तर व्यापाऱ्याचा पिढीजात धर्म आहे.

अचौर्याणुव्रताचे जे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत, त्यांपैकी तीन या खरेदीस तंतोतंत लागू पडतात. चोरीने आणलेला माल घेणे (तदाहृतादान), माप कमी-अधिक ठेवणे (हीनाधिक मानोन्मान) आणि खऱ्याच्या नावाखाली नकली माल चालविणे (प्रतिरूपक व्यवहार) हे ते तीन होत. त्यांच्याच अनुरोधाने पुढील विवेचन केले आहे. शेवटी जीविताच्या सुरक्षिततेसंबंधी लिहिले आहे, आणि तो भाग सर्वांत महत्त्वाचा आहे.

प्रथम कोणती उपकरणे खरोखर लागतात ते पाहू. आरंभीच्या कामास तीन पुरतात. पहिला मल्टिमीटर; तो विजेचा दाब, प्रवाह व रोध मोजतो. दुसरा पॉवर सप्लाय. घरातील २३० व्होल्टच्या विजेपासून तो शून्य ते तीस व्होल्टपर्यंतचा स्थिर व एकदिश दाब देतो. तिसरा ऑसिलोस्कोप; क्षणाक्षणाला दाब कसा बदलतो याची रेषा तो पडद्यावर काढून दाखवितो. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर मल्टिमीटर दिवसाचा सरासरी भाव सांगतो, आणि ऑसिलोस्कोप लिलावातील प्रत्येक बोलीचा चढउतार दाखवितो. बाकीची यंत्रे काम वाढेल तशी घ्यावीत. स्वस्त मिळाले म्हणून गरज नसलेला माल वखारीत भरणारा व्यापारी जसा अडचणीत येतो, तसेच येथेही होते.

आता जुने घ्यावे की नवे? कारखान्यांसाठी व संशोधनशाळांसाठी बनविलेली चांगली उपकरणे तीस-चाळीस वर्षे टिकतात, हे खरे आहे. अमेरिकेतील ह्यूलेट-पॅकार्ड (स्थापना १९३९) व टेक्ट्रॉनिक्स (स्थापना १९४६) यांची १९७० ते १९९० या काळातील यंत्रे आजही अनेक ठिकाणी चालू आहेत. त्या काळच्या यंत्रांसोबत संपूर्ण विद्युत्-आराखड्याची पुस्तिका येत असे, त्यामुळे ती दुरुस्त करता येतात. ह्यूलेट-पॅकार्डचा मापनयंत्रांचा व्यवसाय १९९९ मध्ये अॅजिलेंट या नावाने व २०१४ मध्ये कीसाइट या नावाने वेगळा झाला. तेव्हा एकाच कुळातील यंत्रांवर ही तीन नावे आढळली तर संशय घेऊ नये. आपल्या देशातही नाशिकचे मोटवाने, ठाण्याचे अॅपलॅब व इंदूरचे सायंटिफिक यांची उपकरणे महाविद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली आहेत.

तथापि अलीकडच्या काळात नवे अंकीय ऑसिलोस्कोप बरेच स्वस्त झाले आहेत. म्हणून जुन्याचा भाव नव्याच्या जवळपास जात असेल तर नवेच घ्यावे. मल्टिमीटर तर शक्यतो नवाच असावा, कारण तो हातात धरून घरच्या विजेस लावावयाचा असतो आणि पुढे इतर यंत्रांची तपासणीही त्यावरच व्हावयाची असते. पॉवर सप्लाय मात्र साधे यंत्र असल्यामुळे जुना घेण्यास उत्तम होय.

पहिला अतिचार मालाच्या उगमाचा. अशी उपकरणे मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बंगळुरूचा एस. पी. रोड, हैदराबादेतील कोठीची गुजराती गल्ली, पुण्याचा जुना बाजार अशा ठिकाणी नजरेस पडतात. बंद पडलेले कारखाने, महाविद्यालयांनी नोंदीतून कमी केलेले सामान व सरकारी उपक्रमांचे लिलाव हे त्यांचे सरळ उगम होत. परंतु एखाद्या संस्थेच्या मालमत्तेची पट्टी खरवडून काढलेली असेल, अनुक्रमांक घासलेला असेल, आणि विकणारा पावती देण्यास का-कू करीत असेल, तर भाव कितीही कमी असो, हात मागे घ्यावा. पावतीवर उपकरणाचे नाव, प्रकार-क्रमांक व अनुक्रमांक लिहून घ्यावा. लिलावातील माल 'जसे आहे, जेथे आहे' या अटीवर मिळतो. त्याचा अर्थ आपणांस शिकवावयास नको. परदेशातून जुना माल मागविण्याचा मोह मुलांना होतो. पण वापरलेल्या विद्युत-उपकरणांच्या आयातीवर आपल्याकडे निर्बंध आहेत आणि वाहतूक व जकात मिळून मूळ किमतीहून अधिक खर्च होऊ शकतो. आधी चौकशी, मग मागणी, हाच क्रम ठेवावा.

दुसरा अतिचार नकली मालाचा. मल्टिमीटरवर 'कॅट' असे लिहून त्यापुढे रोमन दोन, तीन किंवा चार हा आकडा व व्होल्टची मर्यादा छापलेली असते. घरातील विजेच्या फलकावर अथवा मुख्य जोडणीवर उद्भवणारा दाबाचा अकस्मात झटका ते यंत्र सोसू शकते, याची ती ग्वाही होय. हलक्या यंत्रांवर ही अक्षरे नुसती छापलेली असतात. आत काहीच संरक्षण नसते. जुना मल्टिमीटर घ्यावयाचाच झाला तर मागचे झाकण उघडून पाहावे. प्रवाह मोजण्याच्या मार्गावर मूळचा वाळू भरलेला चिनी मातीचा फ्यूज आहे, की काचेचा साधा फ्यूज, की तांब्याची तार गुंडाळून काम भागविले आहे, हे लगेच कळते. तार दिसली तर तो माल परत करावा. बॅटरीच्या कप्प्यात हिरवट-पांढरा क्षार साचला असेल, तर आतील पट्टीही खाल्ली गेली असण्याचा संभव असतो.

तिसरा अतिचार खोट्या मापाचा, आणि यातच साऱ्या विषयाचे मर्म आहे. धान्याच्या वखारीत आर्द्रतामापक यंत्र असते. ते दोन टक्के कमी दाखवू लागले, तर ओला माल कोरडा समजून थप्पीस लागतो आणि पुढे पोती आतून तापून बुरशी धरतात. यंत्रच नसते तर व्यापाऱ्याने दाणा दाताखाली धरून पाहिला असता. खोट्या यंत्राने तीही दक्षता काढून घेतली. म्हणून खोटे माप हे माप नसण्याहून वाईट. विद्यार्थी जेव्हा चुकीच्या मीटरवर विसंबून राहतो, तेव्हा तो चांगला भाग बाद ठरवितो, बिघडलेला भाग बरा समजतो, आणि शेवटी स्वतःच्या बुद्धीवरच अविश्वास धरू लागतो. ही हानी पैशाहून मोठी आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पडद्यावर आकडे अधिक म्हणजे माप अधिक अचूक, असे मुळीच नाही. काट्यावर ग्रॅमचा आकडा दिसतो म्हणून तो ग्रॅमपर्यंत खरा असतो असे आपण मानत नाही; मुद्रांकन पाहतो. तसेच प्रत्येक काट्यास त्याची मर्यादा असते. क्विंटलच्या काट्यावर कोणी केशर तोलीत नाही. २० मेगाहर्ट्झचा ऑसिलोस्कोप २० मेगाहर्ट्झच्या लहरीची उंची खऱ्याच्या सुमारे सत्तर टक्केच दाखवितो. तेव्हा ज्या वेगाचे काम करावयाचे, त्याच्या निदान तिप्पट ते पाचपट मर्यादेचे यंत्र घ्यावे.

खरेदीच्या जागी तपासणी अशी करावी. सोबत आपला खात्रीचा मल्टिमीटर, एक टक्का अचूकतेचे चार-सहा रोधक व मोटारीचा बारा व्होल्टचा दिवा न्यावा. यंत्र निदान अर्धा तास चालू ठेवून मगच पाहावे, कारण पुष्कळ दोष यंत्र तापल्यावरच प्रकट होतात. पॉवर सप्लायवर बारा व्होल्ट लावून दिवा जोडावा. दाब खाली घसरता कामा नये. यंत्र सुरू वा बंद करताना दाब एकदम उसळता कामा नये. प्रवाहाची मर्यादा थोडी ठेवून दोन्ही टोके एकत्र जोडली असता प्रवाह त्या मर्यादेवरच थांबला पाहिजे. ऑसिलोस्कोपच्या दर्शनी भागावर बहुधा एक कसोटीचे टोक असते. तेथे चौकोनी लहर मिळते, ती पुष्कळ यंत्रांत सेकंदास हजार वेळा होणारी असते. प्रोब त्यास लावून लहरीचा माथा सपाट येतो काय, दोन्ही मार्गांवर उंची सारखी दिसते काय, प्रत्येक बटण फिरविताना रेषा उडी मारते काय, हे पाहावे. काही जुन्या अंकीय यंत्रांत अचूकतेचे आकडे एका छोट्या लिथियम बॅटरीच्या आधारावर स्मृतीत टिकतात. ह्यूलेट-पॅकार्डचा ३४७८ए मल्टिमीटर हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. बॅटरी संपली की ते आकडे जातात. ती केव्हा बदलली, हे अवश्य विचारावे.

पुढे वर्षातून एकदा मापाची पडताळणी करावी. आपल्या पेढीवरील इलेक्ट्रॉनिक काट्याचे वैधमापन खात्याकडून दरवर्षी मुद्रांकन होते, त्यातलाच हा प्रकार. एन. ए. बी. एल. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र घेतले म्हणजे त्या मापाची साखळी राष्ट्रीय मानकांपर्यंत पोचते. प्रत्येक यंत्रास हा खर्च परवडणार नाही. एका चांगल्या मल्टिमीटरचे प्रमाणीकरण करून घ्यावे आणि बाकीची यंत्रे त्याच्याशी ताडून पाहावीत.

आता सुरक्षितता. पुढील पाच नियम मोठ्या अक्षरांत लिहून टेबलासमोर लावावेत.

१. अमेरिकेचे यंत्र बहुधा ११५ व जपानचे १०० व्होल्टवर चालते. मागील बाजूचा दाब-निवडीचा खटका पाहिल्यावाचून ते आपल्या २३० व्होल्टवर लावू नये.

२. ऑसिलोस्कोपच्या प्रोबचा भू-चिमटा आतून अर्थशी जोडलेला असतो. तो घरच्या विजेच्या जिवंत तारेस लावणे म्हणजे सरळ शॉर्टसर्किट होय.

३. ते टाळण्यासाठी कोणी कोणी यंत्राच्या वायरीची अर्थची पिन कापून टाकतात. अशा यंत्राचे अंगच जिवंत होऊन प्राण जाण्याचा संभव असतो. पिन कापलेली वायर प्रथम बदलावी.

४. काचेच्या नळीच्या जुन्या ऑसिलोस्कोपमध्ये हजारो व्होल्ट असतात, आणि यंत्र बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. जाणत्या माणसावाचून झाकण उघडू नये.

५. घरात कोणी नसताना जुने यंत्र चालू ठेवू नये. जुने कपॅसिटर फुटून धूर होण्याचे प्रकार घडतात.

हिशेबाविषयी थोडे. जुन्या यंत्राची किंमत म्हणजे दुकानदाराने सांगितलेला आकडा नव्हे. पडतळ काढताना प्रोब व तारा, वाहतूक, दुरुस्ती, पडताळणी आणि यंत्र अजिबात न चालण्याचा संभव, इतके सर्व धरावे. एवढे करूनही नव्याच्या निम्म्याहून पुष्कळ कमी पडत असेल, तरच तो सौदा. आणि यंत्र कायमचे निकामी झाले तर ते भंगारवाल्याच्या हातगाडीवर टाकू नये. काचेच्या नळीत व सोल्डरमध्ये शिसे असते. ई-कचरा नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून अमलात असून त्यांनुसार नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्याकडेच ते दिले पाहिजे. अहिंसेचे पालन तेथेही आहे.

सभासद बंधू-भगिनींनी मुलांची ही हौस खर्चाची बाब समजून टाळू नये. मुलास अथवा मुलीस घेऊन स्वतः बाजारात जावे. यंत्राची परीक्षा तिला करू द्यावी. विकणाऱ्याची परीक्षा आपण करावी. आपल्या पूर्वजांनी मापाच्या खरेपणावर पेढीची पत मिळविली. तोच खरेपणा पुढची पिढी शेर-पायलीऐवजी व्होल्ट-अँपिअरमध्ये पाळील, तर पेढीचा धंदा बदलला तरी पेढीचे नाव बदलले असे होणार नाही. जय जिनेंद्र.